नसलेल्या जीवनसत्त्वाचा माग

दक्षिण हंगेरीत तिसा नदीच्या काठावर सेगेड हे शहर आहे. तिथली लाल मिरची, पाप्रिका, साऱ्या युरोपात नावाजलेली. १९३२च्या सुमारास या शहरातल्या विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी हे वैद्यकीय रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांना एका पदार्थाची फार चणचण भासत होती. आपण वेगळं केलेलं हेक्झुरॉनिक आम्ल म्हणजेच स्कर्व्ही बरं करणारं क जीवनसत्त्व, हे त्यांनी नुकतंच दाखवून दिलं होतं. पिट्सबर्गहून आलेला जोसेफ स्विर्बेली हा तरुण सहकारी गिनीपिगांवरच्या प्रयोगांत त्यांच्या सोबत होता. पण या आम्लाची रासायनिक रचना ठरवायची तर माल हवा, आणि नेमका तोच नव्हता. याआधी अमेरिकेत राहून, कत्तलखान्यांतून गुरांच्या अधिवृक्क ग्रंथी गोळा करून त्यांनी मोठ्या कष्टानं २५ ग्रॅम मिळवलं होतं. ते पुरलं नाही. लिंबू-संत्र्यांच्या रसात साखर एवढी असते की त्यातून हे आम्ल शुद्ध करून काढणं अतिशय जिकिरीचं.

एका संध्याकाळी त्यांच्या पत्नीनं जेवणात ताजी पाप्रिका वाढली. ती खायची त्यांना इच्छा नव्हती आणि तसं तोंडावर सांगायचा धीरही होईना. या फळाची आपण अजून तपासणी केलेली नाही, असं म्हणत त्यांनी ती मिरची उचलली आणि प्रयोगशाळेत नेली. मध्यरात्रीच्या सुमारास त्यांना कळलं की हातात क जीवनसत्त्वाचं भांडार आहे. ही हकिगत त्यांनी स्वतःच नंतर सांगितली. काही आठवड्यांतच ग्रॅमांत मोजायचा पदार्थ किलोच्या हिशेबात मिळू लागला. बर्मिंगहॅमच्या नॉर्मन हॉवर्थ यांना रचना ठरवण्यासाठी हवा तेवढा माल गेला आणि १९३७ मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं, हॉवर्थ यांना रसायनशास्त्राचं, सेंट-ज्यॉर्जींना वैद्यकशास्त्राचं.

इथवरची गोष्ट बहुतेकांच्या कानावर असते. त्याच मिरचीतून निघालेली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही, कारण ती फसली. मला ती पहिलीपेक्षा मोलाची वाटते. आज औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या क्रीमच्या ट्यूबवर ‘अँटिऑक्सिडंट’, ‘वनस्पतिजन्य फ्लेवोनॉइड्स’ असे शब्द छापलेले दिसतात. ते शब्द त्वचेपर्यंत पोचले त्याची सुरुवात याच फसलेल्या गोष्टीत आहे.

ती समजायला थोडं मागं जावं लागेल. १९२०च्या दशकात, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथं असताना, सेंट-ज्यॉर्जींना एका साध्या प्रश्नानं पछाडलं होतं. सफरचंद, बटाटा, केळं कापून ठेवलं की काळं का पडतं आणि लिंबू का पडत नाही? आपल्याकडे वांगं चिरून लगेच पाण्यात टाकतात ते याच कारणानं. वनस्पतीच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातली कॅटेकॉलसारखी द्रव्यं विकराच्या मदतीनं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात. त्यातून क्विनोन नावाची तिखट स्वभावाची संयुगं बनतात आणि पुढे तपकिरी रंग येतो. लिंबाच्या रसानं ही क्रिया लांबते. पेरॉक्साइड, पेरॉक्सिडेज हा विकर आणि बेंझिडीन एकत्र आणलं की झटकन निळा रंग उमटतो. पेरॉक्सिडेजऐवजी लिंबूवर्गीय फळांचा रस घातला की तो रंग सेकंदभर अडखळतो, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. त्या सेकंदभराच्या उशिरातून क जीवनसत्त्व सापडलं. कॅटेकॉल आणि क्विनोन ही जोडगोळी मात्र वाचकानं ध्यानात ठेवावी. सत्तर-ऐंशी वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे, तीही माणसाच्या पेशींच्या संदर्भात.

आता ती फसलेली गोष्ट. ऑस्ट्रियातल्या एका सहव्यावसायिकाला रक्तस्रावाची व्याधी होती. केशवाहिन्या इतक्या नाजूक की कातडीखाली सहज रक्त उतरायचं. त्यानं सेंट-ज्यॉर्जींकडे क जीवनसत्त्व मागितलं. त्या वेळी शुद्ध माल पुरेसा नव्हता, म्हणून त्यांनी पाप्रिका पाठवली. गुण आला. नंतर इश्तवान रुस्न्याक या वैद्य मित्राबरोबर तशाच रोग्यांना शुद्ध क जीवनसत्त्व देऊन पाहिलं, तर काहीच फरक पडला नाही. अशुद्ध मालानं बरं होणारा रोग शुद्ध मालानं बरा होत नाही, याचा अर्थ त्या अशुद्धीतच काहीतरी होतं.

रसायनशास्त्रात शिकलेल्या माणसाला अशुद्धी म्हणजे टाकून द्यायची गोष्ट. सेंट-ज्यॉर्जींनी तिचाच पाठपुरावा केला. लिंबापासून त्यांनी एक द्रव्य वेगळं केलं आणि त्याला सिट्रिन म्हटलं. तपासल्यावर ते एकच द्रव्य नसून मिश्रण निघालं. त्यात हेस्पेरिडिन होतं आणि एरिओडिक्टिऑल या त्याच कुळातल्या दुसऱ्या संयुगाचा साखर जोडलेला अवतार होता. दोन्ही फ्लेवोनॉइड्स, म्हणजे वनस्पतींतल्या पिवळ्या द्रव्यांच्या कुळातली.

परिणाम मोजायचा तो कातडीवरच. त्या काळी केशवाहिन्यांची ताकद पाहायची एक रीत होती. रोग्याच्या कातडीवर काचेची छोटी वाटी लावायची, तिच्यातली हवा खेचून घ्यायची, आणि किती ताण दिल्यावर कातडीखाली लाल ठिपके उठतात ते पाहायचं. निरोगी माणसात बराच ताण सोसला जातो, या रोग्यांत लगेच ठिपक्यांची रांगोळी उमटते. शिरेतून सिट्रिन दिल्यावर साधारण पंधरवड्यात ठिपके उठणं कमी झालं. माणसाच्या त्वचेवर फ्लेवोनॉइडचा परिणाम हेतुपूर्वक मोजण्याचा हा बहुधा पहिलाच मोठा प्रयत्न. ४ जुलै १९३६च्या ‘नेचर’मध्ये रुस्न्याक आणि सेंट-ज्यॉर्जी यांचं टिपण आलं. फ्लेवोनॉल ही जीवनसत्त्वं आहेत, असा त्याचा दावा होता आणि या नव्या जीवनसत्त्वाला त्यांनी ‘पी’ हे अक्षर दिलं होतं.

अक्षराची निवड त्यांच्या स्वभावाला धरून होती. हे खरोखर जीवनसत्त्व आहे की नाही याची त्यांना पुरती खात्री नव्हती. त्या वेळी वर्णमालेतली सुरुवातीची अक्षरंच वापरात आली होती. पुढे कधी हे नाव मागं घ्यावं लागलं तर कुणाची अडचण होऊ नये, म्हणून त्यांनी लांबचं अक्षर घेतलं, असं त्यांनी आठवणींत लिहून ठेवलं आहे.

नाव मागं घ्यायची वेळ लवकरच आली. स्कर्व्ही झालेल्या गिनीपिगांना सिट्रिन दिलं की ते जास्त दिवस जगतात, रक्तस्राव कमी होतो, असं सेगेडच्या पहिल्या प्रयोगांत दिसलं होतं. १९३७ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या सिल्व्हेस्टर झिल्व्हा यांना तसं काही आढळलं नाही. त्याच वर्षी सेंट-ज्यॉर्जी आणि त्यांचे सहकारी बेंत्शाथ यांनी ‘नेचर’मध्ये स्वतःच कबूल केलं की आहारात क जीवनसत्त्वाचा लवलेशही नसेल तर सिट्रिनचा परिणाम दिसत नाही. आधीच्या प्रयोगांत तो लवलेश कुठेतरी शिल्लक राहिला असावा. ज्या वर्षी माणसाला नोबेल मिळतं त्याच वर्षी तो आपल्याच शोधाच्या पायाखालची वीट काढून जगासमोर ठेवतो. विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणं थोडी आहेत.

पण नाव सुटलं की सुटलं. ‘व्हिटॅमिन पी’ वैद्यांच्या आणि औषध कंपन्यांच्या हाती गेलं होतं. चाळीसच्या दशकात फिलाडेल्फियाजवळच्या अमेरिकन कृषिखात्याच्या प्रयोगशाळेत तंबाखूपासून आणि मग कुट्टूच्या रोपांपासून रुटिन हे फ्लेवोनॉइड काढायच्या रीती बसवल्या गेल्या. रक्तदाबाच्या रोग्यांतल्या नाजूक केशवाहिन्यांवर उतारा म्हणून त्याच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. १९५० मध्ये अमेरिकेतल्या जीवरसायन आणि पोषणशास्त्राच्या संघटनांच्या संयुक्त समितीनं ‘व्हिटॅमिन पी’ हे नाव वापरू नये अशी शिफारस केली. १९६८ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं, या गोळ्या परिणामकारक असल्याचा पुरावा नाही म्हणून त्यांची मान्यता काढून घेतली. अधिकृत दरबारात प्रकरण संपलं.

रसायनशास्त्रज्ञांचा मात्र या पिवळ्या द्रव्यांशी संबंध जीवनसत्त्वापेक्षा कितीतरी जुना होता. त्यांना ती रंग म्हणून ठाऊक होती. ओकच्या सालीतला पिवळा रंग अठराव्या शतकातच कापडाच्या धंद्यात उतरला होता. रेसेडा या रोपापासून मिळणारा पिवळा तर युरोपातले रंगारी शतकानुशतकं वापरत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी बर्न इथं स्टानिस्लाव कोस्टानेत्स्की यांनी या कुळाची रचना लावली आणि प्रयोगशाळेत ती द्रव्यं घडवली. त्यानंतर मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांनी वनस्पतींच्या रंगद्रव्यांवर काम केलं. त्यांच्या हाताखाली शिकायला आलेल्यांत टी. आर. शेषाद्री आणि कृष्णस्वामी वेंकटरामन हे दोन भारतीय होते.

इथं ही कहाणी आपल्या अंगणात येते, आणि मराठी वाचकाला ती फारशी सांगितली गेलेली नाही. वेंकटरामन मँचेस्टरहून परतून लाहोरच्या फॉर्मन ख्रिश्चन कॉलेजात शिकवत असताना, १९३३-३४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यानं एक अभिक्रिया मांडली. इंग्लंडात विल्सन बेकर यांनाही त्याच सुमारास ती सापडली, म्हणून ती आज बेकर-वेंकटरामन पुनर्रचना या नावानं ओळखली जाते. विशिष्ट कीटोनवर अल्कलीची क्रिया केली की रेणूतला एक गट एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसतो. मग आम्लात तापवलं की वलय मिटतं आणि फ्लेवोन तयार होतो. सेंट-ज्यॉर्जी लिंबातून फ्लेवोनॉइड गाळत होते, त्याच सुमारास लाहोरात ते घडवायची वाट बांधली जात होती. जगभरच्या प्रयोगशाळा आजही ती वाट वापरतात.

१९३४ मध्येच वेंकटरामन मुंबईच्या विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले. हाच आपला माटुंग्याचा यूडीसीटी, आताची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. १९३८ पासून ते त्याचे संचालक होते. गिरणगावाच्या शेजारी, कापडाच्या रंगांचं शास्त्र शिकवणाऱ्या संस्थेत, वनस्पतींच्या रंगांचा एवढा मोठा जाणकार असणं हा योगायोग नव्हता. गिरण्यांना रंगांचं शास्त्र हवंच होतं. कृत्रिम रंगांवरच्या त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९५२ मध्ये निघाला आणि ती मालिका जगभर प्रमाण मानली गेली. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तिथं पाषाण रस्त्यावर त्यांच्या गटानं फणसाच्या लाकडातली पिवळी द्रव्यं हाती घेतली. कोकणात फणसाच्या फळ्यांचा पिवळाजर्द रंग सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो रंग म्हणजे आर्टोकार्पिन आणि त्याची भावंडं, सगळी फ्लेवोनॉइडच्याच कुळातली. पुण्याच्या गटानं त्यांच्या रचना एकेक करून उलगडल्या. हे रेणू कुणाच्या त्वचेला उपयोगी पडतील का, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. २०१३ मध्ये तैवानमधल्या संशोधकांनी केसविरहित उंदरांच्या कातडीला आर्टोकार्पिन लावून अतिनील किरणांचा मारा केला, तेव्हा इजा कमी झाल्याचं दिसलं. रंगाचं रसायन मनापासून करणाऱ्यांनी पुढच्यांसाठी काय मागे ठेवलं, हे त्यातून कळतं.

जीवनसत्त्वाच्या आणि रंगांच्या या दोन प्रवाहांना जोडणारा तिसरा प्रवाह ऑक्सिजनचा. ज्याच्यावाचून जगता येत नाही तोच वायू पेशींना इजा करतो, हे पचायला वैद्यकशास्त्राला वेळ लागला. १९५४ मध्ये रेबेका गेर्शमन या अर्जेंटिनी संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी मांडलं की अतिरिक्त ऑक्सिजनचं विष आणि क्ष-किरणांची इजा यांच्यामागे एकच यंत्रणा आहे. दोन्हींत एकेकटे इलेक्ट्रॉन घेऊन भटकणारे रेणू, म्हणजे फ्री रॅडिकल, तयार होतात. दोन वर्षांनी डेनहॅम हार्मन यांनी वार्धक्यसुद्धा याच रेणूंचं काम असावं असं सुचवलं. फार कुणी लक्ष दिलं नाही. १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि आर्विन फ्रिडोविच यांनी दाखवलं की आपल्या पेशींत सुपरऑक्साइड नावाचं रॅडिकल निकामी करणारं एक खास विकर आहे. शत्रू नसेल तर त्याच्याविरुद्ध शस्त्र कशाला? त्या एका शोधानंतर फ्री रॅडिकल हा मुख्य प्रवाहाचा विषय झाला. १९८५ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या हेल्मुट सीस यांनी ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ या नावानं ग्रंथ संपादित केला आणि पेशीतला ऑक्सिडीकरणाचा भार तिच्या संरक्षणापेक्षा जड होण्याच्या स्थितीला नाव मिळालं.

त्वचा हा या लढाईचा उघड्यावरचा मोर्चा. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी बी पट्टा डीएनएला थेट इजा करतो. खोलवर जाणारा ए पट्टा त्वचेतल्याच काही रंगद्रव्यांना चेतवून ऑक्सिजनला आक्रमक रूपं देतो. सुरकुत्या, डाग, कर्करोग यांच्या मुळाशी हे दोन्ही आहेत. १९८५ मध्येच अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या थराला पडलेल्या खिंडाराची बातमी आली आणि अतिनील किरणांची चिंता घरोघरी पोचली.

मग वनस्पतीशास्त्रज्ञांनी एक साधा प्रश्न विचारला. झाडं तर दिवसभर उन्हात उभी असतात, सावलीत सरकत नाहीत, मग ती करपत का नाहीत? पानाच्या बाहेरच्या थरातल्या पेशींत फ्लेवोनॉइड साठवलेले असतात आणि ते नेमकी हीच किरणं शोषतात. १९९३ मध्ये अमेरिकेत अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाच्या अशा जाती तपासल्या गेल्या ज्यांना ही द्रव्यं नीट बनवता येत नाहीत. बी पट्ट्याच्या किरणांखाली त्या रोपांनी तग धरला नाही. झाडासाठी फ्लेवोनॉइड ही खरोखरची छत्री आहे, हे त्यातून पुरतं सिद्ध झालं. झाडाची छत्री माणसाच्या डोक्यावर धरता येईल का, हा पुढचा प्रश्न अगदी स्वाभाविक होता, आणि पुढची सगळी गफलतही त्यातूनच झाली.

दरम्यान फ्लेवोनॉइडवर एक काळी सावली येऊन गेली होती. १९७७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं की कांद्या-सफरचंदात सापडणारं क्वेर्सेटिन जिवाणूंमध्ये उत्परिवर्तन घडवतं. १९८० मध्ये उंदरांत त्यामुळे कर्करोग झाल्याचं एक संशोधन आलं. नंतरच्या प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला नाही आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं माणसाबाबत त्याचं वर्गीकरण करता येत नाही असं ठरवलं. पण तोवर वारं फिरलं होतं ते वेगळ्याच कारणानं. १९९३ मध्ये नेदरलँड्समधल्या झुटफेन गावच्या ८०५ वृद्ध पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात चहा, कांदा, सफरचंद यांतून जास्त फ्लेवोनॉइड येत होते, त्यांच्यात हृदयविकारानं होणारे मृत्यू कमी होते. जीवनसत्त्वाच्या यादीतून काढून टाकलेलं द्रव्य पुन्हा दारात उभं राहिलं. या वेळी त्याची ओळख अँटिऑक्सिडंट अशी होती.

नव्वदीचं दशक मोजणीचं होतं. परीक्षानळीत रॅडिकल तयार करायचे, त्यात एकेक फ्लेवोनॉइड घालायचा आणि कोण किती रॅडिकल गिळतो त्याचा क्रम लावायचा. रेणूच्या एका वलयावर शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे सेंट-ज्यॉर्जींचं तेच कॅटेकॉल, असलं की गिळण्याची ताकद वाढते, हे पक्कं झालं. फळं आणि भाज्यांना गुण देणारे तक्ते निघाले. अमेरिकन कृषिखात्यानं तर असा एक मोठा तक्ता प्रसिद्ध केला आणि २०१२ मध्ये स्वतःच काढून टाकला, कारण परीक्षानळीतल्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नव्हता आणि ते आकडे जाहिरातींत बिनदिक्कत वापरले जात होते.

परीक्षानळीनंतरची पायरी जिवंत पेशींची. माणसाच्या त्वचेच्या पेशी, केराटिनोसाइट, बशीत पिढ्यानपिढ्या वाढवायची रीत १९७५ मध्ये रेनवॉल्ड आणि ग्रीन यांनी बसवली. १९८८ मध्ये हायडलबर्गच्या जर्मन कर्करोग संशोधन केंद्रातून हॅकॅट नावाची पेशीमालिका आली. एका प्रौढ पुरुषाच्या पाठीच्या कातडीतून निघालेल्या या पेशी न थकता वाढत राहतात. जगभरच्या प्रयोगशाळांनी त्यांवर अतिनील किरणं सोडली, हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं आणि आधी फ्लेवोनॉइड दिला तर किती पेशी वाचतात ते मोजलं. बहुतेक वेळा पेशी वाचल्या. जर्मनीतल्याच फ्रायबुर्गच्या गटानं रेसेडाचा अर्क, म्हणजे रंगाऱ्यांचा तो जुना पिवळा, आणि त्यातलं ल्युटिओलिन तपासलं. २०११ मधल्या त्यांच्या कामात डीएनएची इजा, ऑक्सिजनची आक्रमक रूपं आणि दाह तिन्ही कमी झालेले दिसले.

सगळं जुळून आल्यासारखं वाटत असताना सिंगापूरहून एक इशारा आला होता. २००० मध्ये बॅरी हॅलिवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हिरव्या चहातली कॅटेचिनं (हीही फ्लेवोनॉइड्सच) किंवा क्वेर्सेटिन पेशी वाढवायच्या द्रवात नुसतं टाकलं, त्यात एकही पेशी नसली, तरी झपाट्यानं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. म्हणजे संरक्षक म्हणून घातलेलं द्रव्य बशीत स्वतःच ऑक्सिडीकरणाचा मारा करत होतं. असंख्य निष्कर्षांवर त्यानं प्रश्नचिन्ह लागलं. शिवाय खाल्लेला फ्लेवोनॉइड आतडी आणि यकृतातून जाताना रूप बदलतो आणि रक्तात फार अल्प प्रमाणात पोचतो. बशीत मात्र त्याच्या कितीतरी पट मात्रा वापरली जात होती. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत फलदायी घडी वाटते, कारण फ्लेवोनॉइड म्हणजे पेशीपुढची ढाल, ही कल्पना तिनं मोडली.

मग त्या पेशी वाचत तरी कशा होत्या? उत्तर वेगळ्याच वाटेनं येत होतं. १९९४ मध्ये सान फ्रान्सिस्कोत एनआरएफ-२ नावाचं प्रथिन सापडलं. १९९७ आणि १९९९ मध्ये जपानच्या मासायुकी यामामोतो यांच्या गटानं त्याचं काम उलगडलं. एरवी केअॅप-१ नावाचं दुसरं प्रथिन राखणदारासारखं एनआरएफ-२ला धरून ठेवतं आणि नष्ट होऊ देतं. केअॅपच्या अंगावर गंधकाचे काही संवेदनशील बिंदू असतात. एखादं तिखट रसायन त्यांना जाऊन भिडलं की पकड सुटते, एनआरएफ-२ केंद्रकात शिरतं आणि ग्लुटाथिओन हे संरक्षक द्रव्य बनवणारी, विषं निकामी करणारी अनेक जनुकं एकदम जागी होतात. आता सेंट-ज्यॉर्जींच्या काळवंडलेल्या सफरचंदाकडे वळू. फ्लेवोनॉइडमधलं कॅटेकॉल ऑक्सिडीकरण पावलं की क्विनोन होतं, आणि केअॅपला भिडणारं रसायन बहुतांशी तेच. २००६ मध्ये नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या गटाला उंदराच्या यकृतपेशींत दिसलं की जो फ्लेवोनॉइड अधिक सहज ऑक्सिडीकृत होतो तो ही जनुकं अधिक जोरात जागी करतो. गुण येतो तो काही अंशी त्याच्या बिघडण्यातून. तो पेशीला किंचित डिवचतो आणि पेशी स्वतःचा कोट बांधते.

त्वचेत हा कोट कसा उभा असतो, हे झ्युरिकच्या सबीने वेर्नर यांच्या गटानं २०१० मध्ये दाखवलं. त्वचेच्या वरच्या थरांत एनआरएफ-२मुळे ग्लुटाथिओनचं प्रमाण खालच्या थरांपेक्षा चढत जातं आणि अतिनील किरणांपासूनचं संरक्षणही त्याच चढणीनं वाढतं. उन्हाला जो थर आधी भेटतो तोच अधिक सज्ज. मात्र याच गटानं उंदरांच्या त्वचेत एनआरएफ-२ कायम जागं ठेवलं तेव्हा कातडी जाड आणि खवलेदार झाली. डिवचणं थोडं आणि अधूनमधून असेल तर ठीक, सततचं घातक. ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ असं बजावणाऱ्या सगळ्या जाहिरातींनी ही गोष्ट वाचायला हवी.

आता राहिली खरी माणसं. २००१ मध्ये क्रेग एल्मेट्स आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या कातडीवर हिरव्या चहाचा अर्क लावून अर्ध्या तासानं त्यांना अतिनील किरणं दिली. लाली कमी आली, करपलेल्या पेशी कमी दिसल्या, डीएनएची इजा घटली. त्यातही फ्लेवोनॉइडचे सगळे प्रकार सारखे निघाले नाहीत. गॅलिक आम्लाचा गट जोडलेली कॅटेचिनं कामाची ठरली, बाकीच्यांचा प्रभाव नगण्य. २००६ मध्ये जर्मनीत २४ स्त्रियांना १२ आठवडे रोज कोको दिला गेला, काहींना फ्लेवनॉल भरपूर असलेला, काहींना अगदी कमी असलेला. भरपूर फ्लेवनॉल घेणाऱ्यांच्या त्वचेवर अतिनील किरणांनी येणारी लाली १२ आठवड्यांनी सुमारे २५ टक्क्यांनी घटली. त्या अभ्यासात ड्युसेलडॉर्फचे तेच हेल्मुट सीस होते.

चोवीस स्त्रिया ही फार लहान संख्या. मँचेस्टरच्या लेस्ली ऱ्होड्स यांच्या गटानं आधी मोजक्या लोकांवर आणि मग २०१५ मध्ये ५० निरोगी प्रौढांवर हिरव्या चहाच्या कॅटेचिनांची चाचणी घेतली. दुसऱ्या चाचणीत रोज १०८० मिलिग्रॅम कॅटेचिन, जोडीला क जीवनसत्त्व, तीन महिने. कोणाला खरं औषध आणि कोणाला नकली, हे ना घेणाऱ्याला माहीत होतं ना देणाऱ्याला. पहिल्या छोट्या चाचणीत कॅटेचिनांचे अंश त्वचेपर्यंत पोचल्याचं आढळलं होतं आणि दाहाचं एक द्रव्य घटलंही होतं. मोठ्या चाचणीत मात्र त्वचेच्या लालीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. वरून लावलेला फ्लेवोनॉइड काही करतो याचा पुरावा आज खाल्लेल्यापेक्षा बळकट आहे. तरीही उन्हात जाताना टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि चांगलं सनस्क्रीन यांची जागा अजून कोणत्याही अर्कानं घेतलेली नाही. कोणता रेणू, किती मात्रेत, कोणत्या रूपात आणि त्वचेच्या कोणत्या थरापर्यंत पोचवला तर पेशी स्वतःचा कोट नेमका हवा तेवढाच बांधेल, या प्रश्नावर प्रयोगशाळा सध्या काम करत आहेत.